पुसलेले नंबर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक अर्धगोल पत्र्याचं गोदाम सुटं करून आम्ही नेरूळला आणलं. जोडणीसाठी प्रत्येक पत्र्यावर नंबर होता. मी सुपरवायझर. माल नवा दिसावा म्हणून मी सगळे पत्रे रंगवले, नंबरांसकट.

जवळच्या बोनकोडे गावचा फिटर टिचकी मारायचा, कान लावायचा आणि पत्र्यालाच सांगायचा, "तू मधला हाय, चल वर." चार दिवसांच्या कामाला पंधरा दिवस लागले. मालक तापले. "नंबर कोणी घालवले?"

मी बुटांकडे बघत राहिलो. फिटर म्हणाला, "मीच, शेठ. नंबर वाचून कोनीपन जोडील."

मालकांनी त्याला तिथल्या तिथे काढलं. जाताना तो मला म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, सायेब. मना काम भेटंल. तुला कोन ठेवील?"

संध्याकाळी मालकांनी गोदाम उभं राहिल्याबद्दल माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.