लहान फाटकाचे अडतीस फॉर्म

एकदा पाहिलेला चेहरा ती विसरत नसे. हा गुण तिच्यात कुठून आला देव जाणे, कारण घरात वडिलांची गत नेमकी उलटी होती. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नसे आणि कधी कधी समोर उभी असलेली मुलगीही आठवत नसे. "आपण कोणाकडे आलात?" असं ते तिला अदबीनं विचारत. ती म्हणायची, "तुमच्याकडेच, बाबा." मग ते खूश होऊन म्हणत, "मग बसा की."

बसायला तिला वेळ कुठे होता? वय सेहेचाळीस, लग्नाचा विषय आई गेली त्या वर्षीच मागे पडलेला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि त्यातल्या एकीत बाबा. बाबांच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते, त्यामुळे जिना उतरणं बंद. भाऊ होता, पण तो दुसऱ्या शहरात राहून दर रविवारी फोनवरून सल्ले द्यायचा. "बाबांना मोकळ्या हवेत नेत जा," असं त्यानं सुचवलं तेव्हा "तू ये आणि खांद्यावर घेऊन उतर" म्हणून तिनं फोन ठेवला होता. पुढच्या रविवारी त्यानं तोच सल्ला पुन्हा दिला. अशी माणसं बदलत नाहीत, आणि त्यांना रागावून आपलाच घसा कोरडा होतो.

तिच्या दिवसात तिची स्वतःची अशी चाळीस मिनिटं होती. दुपारी दोन वाजता जेवून बाबांचा डोळा लागे, तो दोन चाळीसला उघडे. घड्याळ चुकेल, पण बाबांची झोप चुकायची नाही. ते घोरायला लागले की ती दाराला बाहेरून कुलूप लावायची आणि निघायची. कुलूप लावणं तिला दर वेळी जिवावर यायचं. पण उघडं ठेवून जाण्यात जिन्याची भीती होती.

घरापासून सात मिनिटांवर बागेचं लहान फाटक होतं. जायला सात, यायला सात, मधे सव्वीस मिनिटं. ती फाटकाजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची. समोर प्रेक्षणीय म्हणावं असं काही नव्हतं. एक सांडपाण्याचा नाला, पलीकडे कुणाच्या तरी इमारतीची मागची बाजू, आणि वाढ खुंटलेली पाच-सहा झाडं. ही सगळी भरावाची जमीन. पूर्वी इथवर समुद्राचं पाणी आत यायचं. दगडमाती टाकून ते हटवलं, त्यावर इमारती उठल्या आणि उरलेल्या कडेला बाग झाली. मातीत अजून मीठ होतं, म्हणून या कोपऱ्यात झाडं धड जगत नव्हती. पण सव्वीस मिनिटं तिला कुणी हाक मारत नव्हतं, आणि त्यासाठी ती आणखी दोन नाले पाहायला तयार होती.

गंमत म्हणजे तो भराव बाबांनीच घातला होता. एकोणीस वर्षं ते डंपर चालवत होते आणि खेपांमागून खेपा त्या पाण्यात ओतत होते. आता त्यांच्या डोक्यात जमीन काही उरली नव्हती, पाणी तेवढं राहिलं होतं.

"तिकडे जाऊ नकोस," ते बजावत. "बुडशील."

"तुम्हीच बुजवलंत ना ते पाणी?"

"कुठलं! उद्या अजून चाळीस खेपा आहेत."

त्या वर्षी बागांच्या खात्यानं पाहणी काढली. लोक विरंगुळ्याची जागा कशी निवडतात ते शोधायचं होतं. दारोदार फिरून असे फॉर्म भरण्याचं काम ती पूर्वीपासून करायची, त्यामुळे तिला बोलावणं आलं. संध्याकाळी चार ते सात, एक महिना. तेवढा वेळ समोरच्या दारच्या काकू बाबांजवळ बसायला तयार झाल्या. "पण सात म्हणजे सात," काकूंनी निक्षून सांगितलं. "मला माझीही घागर भरायची असते."

पाहणीच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समजावलं. बागेला दोन फाटकं, दोन फाटकांना दोन रखवालदार. एक फाटक बंद करायचं ठरलं होतं. ज्या फाटकातून माणसं कमी, ते जाणार. "म्हणून आकडे खरे हवेत," साहेब म्हणाले. "एका माणसाचा एकच फॉर्म. आधी विचारलेला माणूस पुन्हा दिसला, की वगळायचा. आणि आपला स्वतःचा फॉर्म कुणीही भरायचा नाही."

हे ऐकून तिनं मनात हिशोब मांडला. मोठं फाटक बागेच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. घरापासून बावीस मिनिटं. जाऊन यायलाच चव्वेचाळीस. लहान फाटक गेलं, तर तिची सव्वीस मिनिटं गेली. पण नशिबानं तिची नेमणूक लहान फाटकावरच झाली आणि तिला धीर आला. इथे माणसांचा राबता असतो हे ती रोज डोळ्यांनी पाहत होती. आपण डोळ्यात तेल घालून काम केलं, तर फाटक आपोआप वाचेल, असं तिला वाटलं.

पहिल्या दिवशी तिनं एकोणीस फॉर्म भरले. फॉर्मवर प्रश्न होता, ही जागा का निवडली? खाली पाच चौकटी होत्या: जवळ आहे, झाडं आहेत, स्वच्छ आहे, मुलांना खेळता येतं, इतर. लहान फाटकावर जो येईल तो 'इतर'मध्ये जायचा.

म्हातारा न्हावी म्हणाला, "इथे आरसा नाही. चाळीस वर्षं आरशासमोर उभा होतो, फॉर्मताई. आता स्वतःचं तोंड बघायचा कंटाळा आलाय."

एकाच घरात नांदणाऱ्या दोघी जावा होत्या. थोरली म्हणाली, "इथे आम्हाला मोकळेपणी भांडता येतं. घरी सून कान देऊन असते." धाकटीनं तिथेच मान फिरवून थोरलीला सुनावलं, "सून तुमच्याच बाजूनं असते, ते नाही सांगितलंत." आणि दोघी भांडत आत गेल्या.

दवाखान्यातली नर्स घाईत होती. ती चालता चालता म्हणाली, "घरी गेले की घर, दवाखान्यात गेले की दवाखाना. मधे माझं एवढंच आहे."

फॉर्मताईनं ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. नर्सचं उत्तर लिहिताना तिचं पेन जरा अडलं. ते तिचंच उत्तर होतं, पण तिचा फॉर्म नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा नवे फॉर्म झाले, तिसऱ्या दिवशी आठ. चौथ्या दिवशी न्हावी आला, जावा आल्या, नर्स आली, इस्त्रीवाला येऊन गवतावर आडवा झाला, आणि हातातला गठ्ठा कोराच राहिला. सगळे ओळखीचे. सगळे आधी विचारलेले. तिनं प्रत्येकाला बघितलं, प्रत्येकाला ओळखलं आणि प्रत्येकाला वगळलं.

तिची चलबिचल न्हाव्याच्या लक्षात आली. "माझाच भरा की परत," तो म्हणाला. "रोज एक भरा. मी नाही म्हणतोय का? कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," ती म्हणाली.

"अहो, पण मी खरंच येतो ना रोज?"

"येता. पण एका माणसाचा एकच. नियम आहे."

"तुमचा नियम घाला चुलीत," असं म्हणून न्हावी आरसा नसलेल्या आपल्या बाकाकडे गेला.

खोटं लिहिणं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि म्हणूनच तिचा मला राग येतो. जगात थोडी लबाडी पोटापुरती तरी प्रत्येकाला यायला हवी. तिनं एवढंच केलं की प्रत्येक फॉर्मच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं: 'हे रोज येतात.' अडतीसच्या अडतीस फॉर्मवर लिहिलं. पुढे महिनाभर ती त्या अडतीस जणांना आत जाताना, बाहेर येताना पाहत राहिली आणि आकडा हलला नाही.

मोठ्या फाटकावर दुसरी एक बाई होती. तिला काल पाहिलेलं माणूस आज ओळखू येत नसे. तिनं ते कबूलही केलं. "मला सगळे सारखेच दिसतात बाई," ती हसत म्हणाली. "विचारलं की भरून टाकते." तिचे फॉर्म झाले सोळाशे बारा.

लहान फाटक जाणार हा निकाल ऐकून फॉर्मताई साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणा साहेबाशी वाद घालत होती.

"साहेब, ही अडतीस माणसं रोज येतात. तीसच्या तीस दिवस. मी कडेला लिहिलंय."

"कडेचं कंप्युटरमध्ये जात नाही, ताई."

"तिकडे एकच माणूस चार-चारदा भरलाय. त्या बाईंना चेहरे लक्षात राहत नाहीत."

"त्याला पुरावा?" साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "हे बघा, आकडे तुमचेच आहेत. आणि सांगतो, तुमच्याइतकं चोख काम अख्ख्या पाहणीत कुणाचं नाही. वरपर्यंत तुमचं कौतुक झालंय."

कुणी कौतुकानं कानाखाली वाजवावी तसं तिला झालं. ती पाणी न पिता उठली.

पंधरा दिवसांत लहान फाटकाच्या जागी भिंत आली. न्हावी नंतर कुठे जाऊ लागला कळलं नाही. धाकटी जाऊ एकदा बाजारात दिसली. म्हणाली, "आता आम्ही भांडतच नाही हो. गप्प बसतो." तिनं ते हसून सांगितलं, पण डोळे हसत नव्हते.

एक दिवस फॉर्मताईनं ठरवलं, मोठ्या फाटकानं जाऊन बघायचं. बाबा घोरू लागताच कुलूप लावून ती जवळजवळ पळत सुटली. एकोणीस मिनिटांत पोचली. तिथे कारंजं होतं, रंगीत बाक होते, फोटो काढणाऱ्यांची झुंबड होती. ती पहिल्या बाकाला हात लावून, न बसता मागे फिरली.

घरी पोचायला चार मिनिटं उशीर झाला. जिन्यात अर्धी इमारत उभी होती. आतून बाबा दोन्ही हातांनी दार बडवत होते आणि ओरडत होते, "पाणी चढतंय! दार उघडा, पाणी चढतंय!" किल्ली कुलपात शिरेना. दार उघडलं तेव्हा बाबांच्या मनगटांवरची कातडी सोलली होती. काकू तिच्या तोंडावरच म्हणाल्या, "काही झालं असतं म्हणजे?" तिनं बाबांचे हात धुतले, मलम लावलं. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "आमची मुलगी बुडाली हो. मी सांगत होतो तिला."

त्यानंतर ती लांब कुठे गेली नाही.

वर्षभरानं खात्यानं नवी पाहणी काढली. चोख काम म्हणून पहिला फोन तिलाच आला. या वेळी नियम थोडा बदलला होता. सरावासाठी प्रत्येकानं आधी स्वतःचा फॉर्म भरायचा होता. गेल्या महिन्यात विरंगुळ्यासाठी सर्वांत जास्त वेळा कुठे गेलात? तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं: 'जिना. आमच्या दारासमोरची तिसरी पायरी.' ही जागा का निवडली, याच्याखाली पहिल्याच चौकटीत खूण केली: जवळ आहे.

साहेबांनी तो वाचला. त्यांना वाटलं, ताईंनी गंमत केली. "अहो, जिना कसा चालेल? बाग लिहा, मैदान लिहा." मग तिचा चेहरा बघून ते थांबले, आणि फॉर्मच्या कोपऱ्यात त्यांनी हलक्या हातानं एक शब्द लिहिला. 'वगळा.'

"बरोबर आहे," ती म्हणाली. नियम तिला पाठ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता बाबांचा डोळा लागला. तिनं बाहेरून कुलूप लावलं आणि पायरीवर येऊन बसली. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी नळ वाहत होता. कुणी तिला हाक मारत नव्हतं. एकोणतीस मिनिटं अशीच गेली, आणि मग दाराच्या आतून, अगदी जवळून आवाज आला. आता बाबांची झोपही चुकायला लागली होती.

"बाहेर कोण आहे?"

"मी आहे, बाबा."

"मग आत या की. बाहेर का बसलात?"

तिनं घड्याळ पाहिलं. अजून अकरा मिनिटं होती. ती उठली आणि तिनं कुलूप काढलं.