कात्री माझ्या हातात होती

परतूर तालुक्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत होते. गावाबाहेर गायरानात पारध्यांची सात-आठ पालं होती. तिथली एकच मुलगी शाळेत यायची. नऊ वर्षांची, काटक, पाढे सगळ्यांच्या आधी पाठ. केस कमरेपर्यंत. तेल नसलं तरी पाणी लावून आई तिची घट्ट वेणी घालून द्यायची.

मी स्वतः बौद्ध घरातली. लहानपणी शाळेत मला वरून पाणी ओतायचे आणि मी ओंजळीनं प्यायचे. त्यामुळे आपल्या हातून तसं काही होणं शक्यच नाही, अशी माझी खात्री होती. समतेवर भाषण असलं की सगळे मलाच पुढे करायचे.

दिवाळीनंतर वर्गात उवा झाल्या. पहिल्यांदा दिसल्या त्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या मुलीच्या डोक्यात. मी तिच्या वहीत चिठ्ठी ठेवली, 'कृपया डोके बघून घ्यावे.' दोन दिवसांनी तिची आई आणि आणखी दोघी शाळेत आल्या.

"मॅडम, ती पारध्याची पोरगी पोरीयच्या मधी बसून राह्यली. तिच्यामुळंच पसरल्या. तिचं काही करा, न्हाई तर आमच्या पोरी आम्ही घरी ठिवतो."

"बघते मी," मी म्हणाले.

उवा कुठून आल्या ते मला ठाऊक होतं. तरी मी पारध्याच्या मुलीला पुढे बोलावलं, फळ्यासमोर स्टुलावर बसवलं आणि कपाटातली हस्तकलेची कात्री काढली. तिचं डोकं तपासलंसुद्धा नाही.

"मॅडम, माझ्या आईला इचारा," एवढंच ती म्हणाली.

"आईला काय विचारायचं? आंघोळ तरी घालते का ती तुला?"

वर्ग हसला, आणि मला जोर आला. कात्री बोथट होती. केस कापले कमी, ओढले जास्त जात होते. मानेपाशी रक्त आलं तरी मी थांबले नाही. शेवटी खाली पडलेले केस तिलाच गोळा करायला लावले. तेव्हा मी ते जवळून पाहिले. त्यात एक ऊ नव्हती, एक लीख नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली आणि दाराबाहेर उभी राहिली. ती भांडेल म्हणून मीच आधी आवाज चढवला. "स्वच्छता ठेवता येत नसेल तर..."

"भांडाया न्हाई आले मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "पोलीस पालावर आले की आमच्या माणसायला केसाला धरूनच नेत्यात. पोरगी रातभर इचारून राह्यली, मॅडमबी पोलीस हायत का. मंग काय सांगू तिला?"

मी हजेरीपट उचलला आणि वर्गात गेले. मुलगी पुन्हा आली नाही. काही महिन्यांनी मीच तिचं नाव पटावरून काढलं.

त्याच आठवड्यात मोठ्या शेतकऱ्याच्या घरून चहाचं बोलावणं आलं. त्या घरात माझ्यासाठी कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असायचा. त्या दिवशी घरातल्या कपबशीत चहा मिळाला. मी तो चवीनं प्यायले.

प्रशिक्षणात कधी विषय निघतो, जातिभेद संपेल का? सगळे हात वर करतात. मीही करते.

गेल्या वर्षी, इतक्या वर्षांनी, आष्टीच्या बाजारात ती पारध्याची मुलगी भेटली. कडेवर मूल, शेजारी सहा-सात वर्षांची मुलगी. तिनंच मला ओळखलं.

"पोरीला शाळेत घातलं का?" मी विचारलं.

"घातलं ना मॅडम. लांबच्या शाळेत. आम्ही पारधी हाव हे तिथं कुणाला सांगितलं न्हाई. तुम्हीबी सांगू नका."

तिची माफी मागावी असं फार वाटलं. पण आजूबाजूला ओळखीचे लोक होते. मी मान हलवली आणि पुढे गेले.