खोडाळ्याहून आलेली साडी

प्रवेश मिळाल्याचा आनंद मला जेमतेम एक दिवस पुरला. दुसऱ्या दिवशी जव्हारच्या नर्सिंगच्या शाळेतून फोनवर मेसेज आला. प्रवेश मिळालेल्या मुलींनी एका पालकाला घेऊन शाळा आणि होस्टेल पाहायला यावे. खाली एकच ओळ होती, 'पोशाख : साडी'. त्या ओळीनं माझा घात केला.

शहरातली मुलगी असती तर तिनं ती ओळ वाचली असती, हसली असती आणि हवं ते घालून गेली असती. मी पहिलीपासून बारावीपर्यंत आश्रमशाळेत वाढलेली. तिथे रिबिनीचा रंग चुकला तरी प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढत. लिहून आलं म्हणजे हुकूम, आणि हुकूम मोडला की नाव कापलं, एवढंच मला कळत होतं. साडी नेसले नाही तर प्रवेश जाणार, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती.

आणि घरात साडी होती. तीच तर पंचाईत होती.

महिनाभर आधी खोडाळ्याकडची माणसं मला बघून गेली होती. मुलगा भिवंडीला गोदामात कामाला होता. जाताना त्याच्या आईनं एक साडी ठेवली, हिरवी, जरीच्या काठाची, प्लास्टिकच्या पिशवीत. आमच्या पाड्यावर याची रीत सरळ आहे. स्थळ नको असेल तर साडी घडी न मोडता परत जाते, आणि कुणी कुणावर रुसत नाही. मुलीनं ती नेसली की होकार झाला. मग तिनं तोंड उघडायचं कारण उरत नाही. बानं अजून काहीच ठरवलं नव्हतं, ना शाळेचं ना लग्नाचं. ओट्यावर बसून तो दोन्ही गोष्टींवर विडी ओढत होता. "तरणी पोर एकटी होस्टेलात ठेवायची म्हणजे..." असं मधूनच म्हणायचा आणि वाक्य अर्धंच सोडायचा.

आईकडे दोन लुगडी होती. गुडघ्यापर्यंत नेसायची, शेतात झिजलेली. मी पाड्यावर साडी मागायला निघाले. पहिल्या घरातली काकू म्हणाली, "तुझे घरात नवीकोरी हाय ना? मंग माझी कशाला?" दुसरीनंही तेच विचारलं आणि वर तोंडाला पदर लावून हसली. तिसरी त्या मुलाची मावशी निघाली. आमच्याकडे दगड भिरकावला तर तो सोयऱ्यालाच लागायचा. साडी मागायला गेले आणि तीन घरांतून लग्नाच्या गप्पा ऐकून परत आले.

माझ्याकडे एक पंजाबी ड्रेस होता, निळा, बऱ्यापैकी. मी आईला म्हणाले, "आये, ड्रेस घालून जाते. बाहेर काढला तर काढला."

आईनं मला मेसेज पुन्हा वाचायला लावला. "साडीच लिवलाय ना?"

"हो."

"मंग साडीच नेस. एका दिसाचा काम हाय. कोन बघतो तुला जव्हारला?"

मी नको नको म्हणत असताना तिनं पेटीतून पिशवी काढली आणि स्वतःच्या हातानं घडी मोडली. नव्या कापडाचा खळीचा वास घरभर झाला. तिला स्वतःला पाचवारी नेसता येत नव्हती, मला त्याहून नाही. निऱ्या कधी चार येत, कधी नऊ. मी रडत होते, पण गपचूप, कारण पिना तिच्या तोंडात होत्या आणि ती मला हलू देत नव्हती.

कोण बघतो म्हणे! फाट्यावर जीप थांबली तर मधल्या सीटवर मुलाची आत्या. दवाखान्यात निघाली होती. तिनं सरकून मला शेजारी बसवलं, पदर चिमटीत धरून पाहिला आणि अख्ख्या जीपला सांगितलं, "आमची साडी हाय. आमची सून." जव्हार येईपर्यंत मी त्या जीपमध्ये सून होते. दार माझ्या हाताशी होतं, पण उतरून जाणार कुठे? पालक म्हणून सोबत निघालेला बा पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही.

शाळेच्या आवारात दहाबारा मुली उभ्या होत्या. कुणी ड्रेसमध्ये, कुणी जीन्समध्ये. जरीच्या साडीत मी एकटी. मॅडम मला पाहून प्रेमानंच म्हणाल्या, "अगं, ती ओळ मागच्या कार्यक्रमाच्या मेसेजमधली, चुकून राहिली. काहीही चाललं असतं." सगळ्या हसल्या. मला त्या मॅडमचा गळा धरावासा वाटला. काहीही चाललं असतं! माझा निळा ड्रेस घरी दोरीवर लटकत होता.

मग त्यांनी होस्टेल दाखवलं. लोखंडी खाट, खाटेला नंबर, शेजारी कुलपाचं कपाट. बारा वर्षं मी तीस मुलींच्या खोलीत जमिनीवर झोपले होते. ती खाट मला इतकी हवीशी वाटली की मी तिचा नंबर पाठ करून टाकला. युनिफॉर्मचं माप त्या साडीवरूनच घेतलं. ऑफिसात बाच्या पुढे होस्टेलचा कागद ठेवला तेव्हा मी दाराशी उभी होते. बा म्हणाला, "पोरीचा ठरलाय आमचे," आणि लगेच सही केली. त्याचा हात जरासुद्धा अडला नाही. मला तेव्हा त्याच्या सहीचाही राग आला.

लग्न शिक्षण झाल्यावर, असं दोन्हीकडून ठरलं. मी तीन वर्षं शिकले आणि मग खोडाळ्याला नांदायला गेले. आता उपकेंद्रात नर्स आहे. नवरा भिवंडी सोडून आता गावीच असतो, वाईट नाही. माझी ड्युटी असली की भात तो टाकतो, लेकराची शी धुतो. पण मला कुणी विचारलं नव्हतं, ते नव्हतंच. अजूनही कधी कधी त्याच्याशेजारी जेवायला बसले की घास फिरतो.

गेल्या साली नागलीच्या झोडणीला माहेरी गेले होते. आई सुपानं पाखडत होती. मी म्हणाले, "आये, त्या दिवशी शाळेत एक फोन केला असता, तर ड्रेस चालतो हे कळला असता. माझा सगळाच वेगळा झाला असता."

"फोन केलेला," आई म्हणाली. "अंगणवाडीच्या बाईनं केलेला. कायपन चालतो म्हनले."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "तुला ठावं होता?"

"तुझा बा मोकळी पोर होस्टेलात धाडनार नव्हता. मला बोललेला तसा. ठरलेली असली तं धाडीन." तिनं सूप आपटलं, भुसा उडाला. "शाळा पायजे होती ना तुला?"

"मंग मला का नाय सांगितला?"

"सांगितला असता तं नेसली असतीस?"

नसते नेसले. ते तिला तेव्हाच माहीत होतं, आणि म्हणून तिच्यावर मला धड रागावताही येत नाही.