पहिल्यावरून एकदम चौथा

माझ्या थोरल्या साडूंइतका समजावून सांगण्याचा सोस असलेला, आणि समजावता समजावता स्वतःच गुंतत जाणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. पाण्याच्या मोटारीपासून चंद्रग्रहणापर्यंत काहीही ते समजावायला घेत, निम्म्यावर थांबत आणि कपाळ खाजवत म्हणत, "थांबा पाहुणे, हे उलटं झालं वाटतं."

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्यांनी पेपर भरलेले असायचे, त्या दिवसांत ते अमेरिकेला मुलाकडे जाऊन आले आणि तिथून फक्त मुलाची गाडी डोक्यात घेऊन परतले. मानवतच्या घरी त्यांनी माझ्यापुढं चार कप मांडले. एकेक कप म्हणजे एकेक गिअर. "गाडी सावकाश चालली, पाय हलका असला, की पहिल्यातून दुसरा टाकायला जावं, तर आतली एक खुंटी वाट अडवती. दांडा थेट चौथ्यात! पेट्रोल वाचतं म्हणे. अन् पाय जोरात दाबला, तर खुंटी बाजूला. सगळे गिअर मोकळे."

"म्हणजे हळू जाणाऱ्याला वरचा गिअर आणि घाईवाल्याला खालचा?" मी विचारलं.

साडूंनी कपाळ खाजवलं. "तसंच हाय. पण तसं का हाय, हेच तर..."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, आल्या आणि मधले दोन कप उचलून म्हणाल्या, "हे लागत न्हाईत ना?"

त्यांच्या जुन्या अँबॅसिडरमध्ये अशी खुंटी नव्हती, म्हणून खुंटीचं काम साडूंनी स्वतःकडे घेतलं. पहिला टाकायचा आणि एकदम चौथा. गाडी हीव भरल्यासारखी थरथरायची आणि बाजारात मधोमध बंद पडायची. हसणाऱ्यांनाही ते थांबवून समजावत.

एका दुपारी अक्कांच्या छातीत कळ आली. परभणीला न्यायला आम्ही निघालो. अक्कांना धक्का बसू नये म्हणून साडू अगदी हळू चालवत होते, आणि हळू म्हटलं की त्यांचा हात आपोआप चौथ्यावर जाई. पेडगावजवळ गाडी पुन्हा बंद पडली. साडू दांडा धरून म्हणाले, "पाय हलका... का जोरात? पाहुणे, मला काही सुधरंना."

मागच्या सीटवरून अक्का क्षीण आवाजात म्हणाल्या, "आवो, तिकडं खुंटी हाय म्हणून त्यांचा इलाज न्हाई. तुमाला कोण अडवलंय? दुसरा टाका."

त्यांनी दुसरा टाकला, मग तिसरा, आणि डोळे पुसत दवाखाना गाठला.

अक्का त्यातून उठल्या, पुढं बरीच वर्षं होत्या. त्या गेल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा साडू ओसरीवर एकटेच बसले होते. मला जवळ बसवून म्हणाले, "पाहुणे, ते अमेरिकेच्या गाडीचं तिला कळलं होतं का हो?"

"सगळं कळलं होतं," मी म्हणालो.

ते हलकेच हसले. "कमाल हाय. मग मी तिलाच विचारायला पाहिजे होतं."