पापणी मिटणारा साप

इटलीत आमच्या प्लाटूनची पोस्ट एका गवताळ टेकडीवर होती. समोरच्या टेकडीवर जर्मन. सकाळी सहाला सुभेदारसाहेबांची ऑर्डर आली, "दोन वाजेपर्यंत कुणी डोकं वर काढायचं नाही."

मी शिवरे गावचा. ट्रेंचमधला माझा जोडीदार लान्सनायक धोंडू, वेल्ह्याच्या डोंगरातला. आमच्या गावी गवत कापताना सापसुरळी दिसली की आम्ही विळा उगारायचो. धोंडूच्या घरी मात्र विळा खाली ठेवायचे, तिला उचलायचे आणि बांधापलीकडं सोडायचे. सापसुरळीला सापाची मावशी म्हणतात, म्हणून मी त्याला "मावशीचा भाचा" म्हणून चिडवायचो.

साडेबाराला हातभर लांब, तपकिरी, चकचकीत असं काहीतरी माझ्या मांडीवर चढलं. पाय नव्हते. गोळ्यांना मी सरावलो होतो, सापाला नाही. उठून पळणारच होतो, पण धोंडूनं पट्टा धरून मला खाली ओढलं.

"हलू नगंस. डोळं बघ तिचं."

तिनं पापणी मिटली, उघडली.

"साप पापणी मिटत न्हाई, लेका. ही आपल्या सापसुरळीच्या गोतातली. पाय तेवढं न्हाईत."

"असू दे. आधी काढ तिला."

त्यानं तिला अलगद उचललं. खाली सोडली तर बुटाखाली आली असती. बांधापलीकडं सोडावं तसं तिला वर गवतात सोडायला तो उठला. हाताची सवय. एकच गोळी आली.

मी ट्रेंचमधला फोन उचलून सुभेदारसाहेबांना सांगितलं, "धोंडूला गोळी लागली."

"जिवंत आहे?"

"नाही, साहेब."

"जागा सोडू नको."

दीड तास मी त्याच्याजवळ बसून होतो. त्याच्या मुठीत तिचं तुटलेलं शेपूट बराच वेळ वळवळत राहिलं.

फौजेतून सुटून आल्यावर आधी वेल्ह्याला गेलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं. "काढ तिला" असं मीच म्हणालो, तेही सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "आन् ती? ती वाचली का, बाबा?"

"वाचली, आई. गवतात गेली."

"म्याच शिकिवलं व्हतं त्याला."

आता गवतकापणीला सापसुरळी दिसली की मी विळा खाली ठेवतो. तिला उचलून बांधापलीकडं सोडतो आणि तिथंच ताठ उभा राहतो. उजेड असतो, वारा असतो, समोर नुसता डोंगर असतो. धोंडू, इथं तुला उभं राहता आलं असतं.