काडेपेटीतली झीज

सलीमभाईंच्या दुकानामागे जुन्या टायरांची चळत असायची. नेणारं कोणी नाही आणि टाकवतही नाहीत. आमच्या कंपूचे किस्से तसेच साठलेत. वरचा एक उचलायला जावं, तर खालचे चार घरंगळत येतात!

दुकान पनवेलला, पळस्पे फाट्याच्या अलीकडे. साल नव्वदच्या पुढे-मागे. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी, त्यामुळे बॅग टाकीवर आणि उरण, पेण, खोपोली दिवसभर. रविवारी सकाळी आम्ही तिघे तिथे जमायचो. मी, तळोज्याला केमिस्ट असलेला मधू कुलकर्णी आणि कोन गावचा हरी पाटील. विषय एकच, मोटरसायकलचे टायर. कुठला किती झिजतो आणि कुठला वळणावर धरतो! माझी बायको याला 'रबराचं कीर्तन' म्हणायची.

\* \* \*

या कीर्तनाचं मूळ मधूच्या घरात होतं. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरवाल्यांनी सांडलेल्या तेलावरून त्याची गाडी घसरली. मागे शुभावहिनी. गुडघा खरचटला, साडी फाटली, एवढ्यावर निभावलं. पण वहिनींनी तिथेच जाहीर केलं, "यापुढे तुम्ही गाडीने या. मी एस.टी.ने येईन."

आणि बाई शब्दाला जागल्या! पेणला माहेरी जायचं झालं, की वहिनी एस.टी.त खिडकीशी आणि मधू मोटरसायकलवरून एस.टी.च्या मागे. कर्नाळ्याच्या चढावर धूर खात. एकदा कंडक्टरने वहिनींना विचारलं, "ताई, तो माणूस पनवेलपासून मागे लागलाय, पोलिसांत सांगायचं का?"

वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. नवरा आहे."

मधू हे हसत हसत सांगायचा, पण त्याला ते लागलं होतं. बायकोचा भरवसा गेला ही गोष्ट त्याला रात्रंदिवस खात होती. दोष टायरचा, असं त्याने ठरवून टाकलं. सर्वांत चांगला टायर शोधायचा आणि शुभाला पुन्हा मागे बसवायचं!

\* \* \*

टायर दोन निवडले, एक मऊ आणि एक कडक. माझ्या गाडीला मऊ बसवला, हरीच्या गाडीला कडक. झीज मोजायची रीत मधूचीच. टायरच्या खाचेत काडेपेटीतली काडी उभी घालायची, जिथवर बुडेल तिथे पेनने रेघ मारायची, आणि काडीला तारखेची चिठ्ठी बांधून ती एका काडेपेटीत ठेवायची. दर रविवारी दोन काड्या. ती काडेपेटी तो बायकोच्या दागिन्यांसारखी जपायचा.

सलीमभाईंना हे सगळं पोरखेळ वाटे. ते म्हणायचे, "कुलकर्णीसाहेब, मऊ टायर म्हणजे इश्क. पकडतो घट्ट, पण टिकत नाही. कडक टायर म्हणजे शादी. टिकतो जिंदगीभर, पण वळणावर भरवसा नको!"

मधू बिचारा त्या दिवशी काडी न मोजताच घरी गेला.

\* \* \*

तीन महिन्यांत माझा टायर चांगलाच झिजला. हरीच्या काडीवरची रेघ मात्र जागची हलेना! मधू हरखला. "काय रबर आहे! हा कारखान्यात तपासायला हवा!"

मग एका रविवारी मी लवकर पोचलो, आणि पाहतो तर काय? फाट्यावर टेम्पो उभा आणि हरी त्यातून आपली मोटरसायकल उतरवून घेतोय!

"हरी, गाडी टेम्पोतून?"

"मंग? नवा टायर हाय. उगा झिजवायचा कशाला?"

तीन महिने गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती. फक्त रविवारी मोजायला टेम्पोतून यायची. मधूने डोक्याला हात लावला. हरीचं म्हणणं एवढंच, "तुमी टायर लावा बोल्ले. चालवा कुटं बोल्ले?"

\* \* \*

पुढचे तीन महिने हरीला गाडी रोज चालवायला लावून काड्यांची मोजणी चालूच राहिली. मधेच मधू म्हणाला, नुसत्या झिजेवर भागायचं नाही, वळणावरची पकडही बघू. त्यासाठी मागे शुभाइतकं वजन हवं. हरीने आपल्या मिठागरातून मीठ आणलं आणि विचारलं, "वैनींचं वजान किती? तेवडंच भरतो."

मधूने इकडेतिकडे पाहिलं. "पन्नास भर. उद्या घरी कळलं, तर पन्नासच बरं."

पोतं हरीच्या गाडीच्या मागच्या सीटवर बांधलं आणि मधू कर्नाळ्याकडे निघाला. मी मागून माझ्या गाडीवर. वळणं झकास घेत होता. परत येताना फाट्यावर हवालदाराने अडवलं.

"मागे वळून वळून कोणाशी बोलत होता?"

मधू बोलून गेला, "बायकोशी."

हवालदाराने पोत्याभोवती एक चक्कर मारली. पोत्यातून थोडं मीठ गळत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "जावा. पण घरी कोणीतरी आहे ना तुमच्या?"

\* \* \*

आणि मग तो काळा गुरुवार! संध्याकाळी वीज गेली. वहिनींनी अंधारात चाचपडत कपाटावरची काडेपेटी घेतली. आधी कंदील, मग स्टो, मग देवापुढचं निरांजन. वाऱ्याने कंदील पुन्हा पुन्हा विझत होता.

मधू घरी आला तेव्हा काडेपेटी रिकामी. वहिनी म्हणाल्या, "कसल्या हो काड्या आणल्यात? प्रत्येकीला कागद बांधलेला! पेटल्या मात्र छान."

सहा महिन्यांचं संशोधन निरांजनाला लागलं. रविवारी मधू दुकानात आला तो रिकामी काडेपेटी घेऊन. चहाही घेईना. मला खरंच वाईट वाटलं. "आता ती कायमची एस.टी.च धरणार," एवढंच म्हणाला.

\* \* \*

त्याच रविवारी पेणला वहिनींच्या भाचीचं बारसं होतं, आणि एस.टी. गाड्या संपामुळे बंद होत्या. अकराच्या सुमारास वहिनी चालत दुकानात आल्या. जरीकाठाची साडी, हातात बाळाचं झबलं. आम्ही सगळे उभे राहिलो.

सलीमभाईंनी दुकानातले दोन नवे टायर, एक मऊ आणि एक कडक, पुढे मांडले. "भाभी, आपणच सांगा. कोणता बसवू?"

वहिनींनी दुधी बघावा तसं दोन्हींना नख लावून पाहिलं.

"कुठलाही बसवा. टायरने काय केलंय? मला काही सांगताना हे चालत्या गाडीवर मागे वळतात. त्या दिवशीही वळले होते. टायरची पकड कशी असते, ते समजावत होते."

हरी कुजबुजला, "पोत्याशी पन बोलत व्हते."

मधूचे कान लाल. "अगं, मग सहा महिन्यांत सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण तुम्ही बोलायचे थांबलात कुठे?"

मग त्यांनी सलीमभाईंच्या गल्ल्यावरच्या पेटीतून एक कोरी काडी घेतली आणि मधूच्या दातांत धरायला दिली. "पेणला जाऊन परत येईपर्यंत ही पडली, तर मी तिथेच उतरणार."

मधूने मान हलवली. वहिनी पदर खोचून मागे बसल्या. गाडी फाट्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघेही दुकानाच्या दारात उभे होतो.

पाचच्या सुमारास गाडी परत आली. वहिनी मागेच होत्या. मधूने गाडी लावली आणि दातांतली काडी काढून आमच्यापुढे धरली. गुल शाबूत होता, मागच्या अर्ध्या काडीचा चावून चावून कुंचा झालेला!

सलीमभाईंनी ती उजेडात धरून नीट पाहिली. मग मधूची रिकामी काडेपेटी उघडून तीत ठेवली.

वहिनी म्हणाल्या, "ही मात्र कोणी पेटवायची नाही."