आमच्या हॉलमधला रशियन बर्फ

भुताखेतांची चेष्टा करण्यात माझी हयात गेली. बँकेतून रिटायर झालेला माणूस मी... व्हाउचर पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. त्यामुळे पुढचं वाचून हसलात तरी चालेल, मीही हसलो असतो.

स्थळ नाशिक, इंदिरानगर, दुसरा मजला. एप्रिलचं ऊन. एका रशियन निसर्गचित्राची तैलरंगातली नक्कल मी नुकतीच पूर्ण केली होती — बर्फाचं माळरान, चार बर्चची झाडं, खाली उतरलेलं करडं आभाळ. ते करडं काळ्या रंगातून येत नाही. निळा आणि तपकिरी एकमेकांत मुरवून पातळ थर चढवत राहावं लागतं. तेव्हा कुठे ती उदासी येते... शांत, अजिबात रडकी नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी धड जमलं होतं. ते हॉलमध्ये लागावं, एवढीच इच्छा होती.

सुनंदाला, म्हणजे बायकोला, तिथे सात धावते घोडे हवे होते.

"अहो, दारातून शिरलं की घरात कुणी गेल्यासारखं वाटतं. वास्तुवाले म्हणालेत, समोर उगवता सूर्य पाहिजे. सूर्य काढा, नाहीतर चित्र माळ्यावर!"

माळ्यावर! काळजावर दगड ठेवून मी त्या आभाळात पिवळा सूर्य काढला. अगदी ऑम्लेट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा ओरडली, "अहो, सोफा कुणी भिजवला?"

बरोबर फ्रेमखाली गार पाणी. भिंत कोरडी, हॉलमध्ये एसी नाही, वरच्यांचं बाथरूम दुसऱ्या टोकाला. मी चित्राकडे पाहिलं आणि मटकन बसलो — त्या ओल्या सोफ्यावरच. चित्रातला बर्फ वितळला होता! जागोजागी काळी जमीन उघडी पडली होती. हात लावून पाहिला... रंग खडखडीत वाळलेला.

मी शपथा घेतल्या, पण सुनंदाला वाटतं मीच ती जमीन रंगवली. "बरं केलंत," म्हणाली, "आता कसं प्रसन्न वाटतं."

मग तिचा भाऊ चांदवडहून आला. कांद्याची शेती करतो. चित्रापुढून हलेना.

"दाजी, आभाळ ठीक हे. पन जमीन लय भारी! वापसा आलाय, पेरून घ्या."

घोडे रद्द झाले. चित्र हॉलमध्ये आहे, खाली माझी सही आहे. येणारा प्रत्येक जण नेमकं त्या मातीचंच कौतुक करतो, सुनंदा अभिमानानं सांगते, "आमच्या ह्यांनी काढलंय," आणि मी गुपचूप चहा पितो. तशी माती काढायचा खूप प्रयत्न केला... नाही जमत. कुणी काढली, आजही कळलेलं नाही.

जो कुणी असेल त्याला हात जोडून विनंती आहे — बाबा रे, आलाच होतास तर तेवढा सूर्यही नीट करून जायचास!